जुन्नर-आंबेगावचा हिरडा : घाटमाथ्यावरील अभ्याससहल व औषधशाळेतील निवड

उन्हाळ्याची सुटी लागली की वैद्य व औषधविक्रेते बंधूंच्या सहकुटुंब सहली निघतात. केरळातील मुन्नार हे त्यांतील आवडते ठिकाण होय. तेथील चहाचे मळे, वेलदोड्याच्या बागा, थंड हवा यांचा आनंद घेऊन परतताना प्रत्येकाच्या पिशवीत वेलदोडा, मिरी व चहा असतोच. त्यात गैर काहीच नाही. परंतु आपल्या व्यवसायाला ज्या द्रव्यावाचून एक दिवसही चालत नाही, ते द्रव्य पुण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, तितक्याच रमणीय डोंगरात पिकते. तिकडे मात्र आपली पावले क्वचितच वळतात. हे द्रव्य म्हणजे हिरडा, आणि हे डोंगर म्हणजे जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम घाटमाथा. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर ही नावे पर्यटकांना परिचित आहेत. वैद्यांना ती हिरड्यासाठी परिचित असावीत, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. स्थळ पाहताना द्रव्य कसे पाहावे, आणि पाहिलेले ज्ञान औषधशाळेच्या खरेदीत कसे उतरवावे, असे त्याचे दोन भाग आहेत.

१. देशविचार

चरक व सुश्रुत या दोन्ही आचार्यांनी द्रव्यसंग्रहापूर्वी भूमीचा विचार सांगितला आहे. जांगल, आनूप व साधारण हे देशभेद आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. परंतु ते एकाच तालुक्यात डोळ्यांनी पाहावयाचे असतील तर जुन्नरसारखे ठिकाण विरळा. तालुक्याच्या पूर्वेस आणे पठार हा पर्जन्यछायेतील कोरडा प्रदेश आहे. पश्चिमेस घाटघर-नाणेघाटाच्या कड्यावर पावसाळ्यात धुवाधार पाऊस कोसळतो. या दोहोंच्या मध्ये कुकडी व मीना या नद्यांची खोरी आहेत. आंबेगावातही घोड नदीचे खोरे असेच पश्चिमेकडून पूर्वेकडे कोरडे होत जाते. हिरड्याची दाट वस्ती या पट्ट्याच्या पश्चिम भागात, डोंगरउतारांवर व भातखाचरांच्या बांधांवर आढळते.

येथे चहा का नाही, असा प्रश्न सहलीत हमखास निघतो. उत्तर सोपे आहे. चहाच्या झुडपाला वर्षभर विभागून पडणारा पाऊस व सततचा ओलावा लागतो. भीमाशंकरच्या परिसरात पाऊस भरपूर, सुमारे ३,००० मिलिमीटर. परंतु तो चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने जमीन तापत राहते. अशा हवामानात पानझडी वृक्षही तग धरतात. हिरडा हा त्यांपैकी एक. उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळून तो नव्या पालवीबरोबर फुलतो. घरोघरच्या परसात मात्र गवती चहा असतो, आणि पाहुण्यापुढे येणाऱ्या पेल्यात तो व आले यांचा स्वाद असतोच.

२. जुना व्यापारमार्ग

हा प्रदेश औषधी व सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराला नवीन नाही. सातवाहनकाळात कल्याण बंदरातून नाणेघाट चढून जुन्नर, व तेथून प्रतिष्ठान म्हणजे पैठण, असा मोठा व्यापारमार्ग होता. नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेखही आहेत. मरिचाला संस्कृतात ‘यवनप्रिय’ हे नाव मिळाले, यावरून त्या काळी पश्चिमेकडील व्यापाऱ्यांना आपल्या द्रव्यांची किती ओढ होती हे ध्यानी येते.

इंग्रजी अमदानीत या भागाने आणखी एक औषधी प्रयोग पाहिला. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे शल्यवैद्य १८३८ पासून दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक होते. त्यांच्या देखरेखीखाली जुन्नरजवळ हिवरे येथेही सरकारी बाग होती व तेथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डॅलझेल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच काळात हिरडा हा मुंबई बंदरातून परदेशी जाणारा मोठा माल होता. परंतु औषध म्हणून नव्हे, तर कातडी कमावण्यासाठी. कातड्याच्या व्यापाऱ्यांनी हिरड्याच्या प्रती ठरविल्या होत्या आणि त्या उगमस्थानाच्या नावाने ओळखल्या जात. भीमलीपट्टणचा, जबलपूरचा, राजापूरचा, वेंगुर्ल्याचा असे हिरड्याचे प्रकार होते, व प्रत्येकात पहिली-दुसरी प्रत असे. कातडी कमावणाऱ्यास आपला हिरडा कोठला व कोणत्या प्रतीचा हे ठाऊक असे. आज आपल्यापैकी किती औषधशाळांच्या पोत्यांवर हिरड्याचे गाव लिहिलेले असते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

३. वृक्षाची ओळख

हिरड्याचे शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया चेब्युला. याच कुलातील व प्रजातीतील बेहडा, ऐन, किंजळ हे वृक्षही याच रानात शेजारी उभे असतात. त्यामुळे येथे चार वृक्ष एकत्र पाहून भेद मनावर ठसविता येतो.

हिरड्याची पाने बहुधा समोरासमोर किंवा जवळजवळ समोरासमोर येतात आणि देठाच्या टोकाशी, पानाच्या बुडाजवळ, दोन बारीक ग्रंथी दिसतात. बेहड्याची पाने मोठी व फांदीच्या टोकाशी झुपक्याने असतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. किंजळाच्या फळाला पंख असतात. हिरड्याच्या वाळलेल्या फळावर पाच कंगोरे स्पष्ट दिसतात. बेहड्याचे फळ गोलसर, राखी व मखमली लवेचे असते.

हिरड्याच्या पानांवर कीटकांमुळे शिंगासारख्या गाठी धरतात. दक्षिणेकडील बाजारात या गाठी कर्कटशृंगी म्हणून विकल्या जातात. खरी काकडशिंगी पिस्तासिया प्रजातीच्या वृक्षावरील होय. ही गाठ झाडावर एकदा पाहिली की बाजारात ती ओळखणे कठीण नाही.

४. एक वृक्ष, तीन माल

चहाच्या मळ्यात गेलेल्यास पहिली गोष्ट कळते ती ही, की एकाच झुडपाच्या कोवळ्या खुडीचा व जून पानांचा माल सर्वस्वी वेगळा असतो. हिरड्याचेही तसेच आहे. महाराष्ट्रात हिरड्याचे तीन प्रकार व्यवहारात आहेत.

बाळहिरडा : फळात आठळी तयार होण्यापूर्वी तोडून वाळविलेला. लहान, काळा, दोन्ही टोकांस निमुळता, सुरकुतलेला. यासच जंगी हरडे म्हणतात.

चांभारी अथवा रंगारी हिरडा : वाढलेला परंतु अपक्व. कषायत्व अधिक असल्याने कातडी व रंगकाम यांसाठी वापरला जाई. नाव त्यावरूनच पडले.

सुरवारी हिरडा : पूर्ण पिकलेला, मोठा, पिवळसर, मांसल. रसायनकार्यासाठी, त्रिफळ्यासाठी व अवलेहांसाठी हाच ग्राह्य.

जुन्नर-आंबेगावात उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत बाळहिरड्याचा हंगाम असतो. पक्व फळ मात्र हिवाळ्यात व त्यानंतर मिळते. आठवड्याची सहल मे महिन्यात काढणाऱ्यास सुरवारी हिरडा झाडावर दिसणार नाही. त्यासाठी मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळात पुन्हा यावे लागेल. फळे ज्या त्या ऋतूत घ्यावीत असे चरकाने कल्पस्थानात सांगितले आहे. त्याचा अर्थ येथे आपोआप उलगडतो.

भावमिश्रांनी हरीतकीच्या सात जाती सांगितल्या आहेत : विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती व चेतकी. या सात वनस्पती कोणत्या, हा वाद जुना आहे व तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यांतील एक गोष्ट औषधशाळेच्या दृष्टीने मोलाची आहे. लहान व मोठ्या आठळीची ती पूतना. तिचा उपयोग लेपासाठी सांगितला. मांसल ती अमृता. ती शोधनासाठी सांगितली. म्हणजे गर व आठळी यांचे प्रमाण ही प्रतवारीची कसोटी सोळाव्या शतकातच ग्रंथबद्ध झाली होती. नवी, स्निग्ध, भरीव, गोल, जड व पाण्यात टाकताच बुडणारी हरीतकी श्रेष्ठ, हे लक्षणही त्यांनीच दिले आहे.

आता व्यवहार पाहू. त्रिफळाचूर्णात बाळहिरडा घालणे जितके अयोग्य, तितकेच एरंडभृष्ट हरीतकीसाठी बाळहिरड्याऐवजी जून हिरड्याचे तुकडे तळणे अयोग्य. पहिल्यात पक्व फळाच्या गराची अपेक्षा आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातही हरीतकी म्हणजे पक्व फळाचा आठळीविरहित गर असेच धरले आहे. दुसऱ्यात कोवळे फळ एरंडतेलात फुलते व चूर्ण मृदू होते. जून हिरडा तसा फुलत नाही. रुग्ण जेव्हा “मागच्या वेळचा गुण या वेळी आला नाही” असे सांगतो, तेव्हा निदानाबरोबर पोतेही तपासावे.

५. हिरडा वेचणारी माणसे

सुश्रुताने गोपाल, तापस, व्याध व वनचर यांच्याकडून औषधींची माहिती करून घ्यावी असे सांगितले आहे. या डोंगरात ते वनचर म्हणजे महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजाची कुटुंबे होत. येथील शेती मुख्यतः पावसाळी भाताची, खाचरे लहान. उन्हाळ्यातील बाळहिरड्याच्या पैशातून भाताचे बियाणे, पावसाळ्याची बेगमी व मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. हिरड्याची झाडे पुष्कळदा मालकीच्या जमिनीत, बांधावर असतात. काही वनजमिनीत असतात. झाडावर चढून, फांद्या हलवून फळ पाडणे, वेचणे, खडकावर वा अंगणात पसरून वाळविणे, वळवाच्या सरीपासून वाचविणे ही सर्व कामे घरातील लहानथोर करतात. वाळताना वजन पुष्कळ घटते. सरीत सापडलेला माल बुरसतो व भाव पडतो.

दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यास लागले व पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातून गेले. जुन्नर-आंबेगावात हिरड्याची असंख्य झाडे मोडली, काही मुळासकट उन्मळली. भात वाहून गेले तर पुढील वर्षी पुन्हा लावता येते. हिरड्याचे झाड पडले की पुढची पिढी उत्पन्नास मुकते.

वादळ क्वचित येते. परंतु एक संकट दरवर्षी येते व त्यात आपला, म्हणजे औषधशाळांचा, वाटा आहे. बाळहिरड्याचा भाव जून हिरड्याच्या कित्येक पट असतो. साहजिकच वेचणारा हाताला लागेल तितके फळ कोवळेपणीच उतरवितो. झाडावर पिकण्यासाठी फळ राहिले नाही तर बी पडणार कोठून? हिरड्याची आठळी कठीण. तिच्यातून रोप उगवणे मुळात अवघड, आणि त्यावर गुरे व वणवे. म्हणून या डोंगरात मोठी जुनी झाडे दिसतात, पण त्यांच्याखाली कोवळी रोपे किती दिसतात, हे सहलीस जाणाऱ्याने आवर्जून मोजावे. एका झाडाखालच्या दहा पावलांच्या घेरात रोपे मोजण्यास पाच मिनिटे लागतात. जंगलाचे भवितव्य त्या पाच मिनिटांत कळते.

येथे वेचणाऱ्यास दोष देणे अन्यायाचे ठरेल. जून हिरड्याला आपण जो भाव देतो त्यात झाडावर चढण्याची मजुरीही सुटत नसेल, तर तो हिवाळ्यापर्यंत थांबेल कशासाठी? गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किंमत योजनेत २०१३-१४ पासून हिरड्याचा समावेश आहे. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदीचीही व्यवस्था या भागाने पाहिली आहे. तथापि किमान किंमत ही तळाची मर्यादा आहे. तिच्यावर भाव चढतो तो उत्तम माल मागणाऱ्या ग्राहकामुळे. वेलदोड्याच्या बाबतीत हे घडले आहे. इडुक्कीतील व बोडिनायकनूरच्या लिलावात वेलदोडा दाण्याच्या आकारावरून व एका लिटर मापात भरणाऱ्या वजनावरून पारखला जातो, आणि दर जाहीर होतो. आठ मिलिमीटरच्या दाण्याला चढा भाव मिळतो म्हणून शेतकरी तो दाणा भरू देतो. हिरडा भरू देण्याचे कारण वेचणाऱ्याला कोणी द्यावयाचे, याचे उत्तर हिरडा विकत घेणाऱ्यांनीच द्यावयास हवे.

६. औषधशाळेतील कसोट्या

पुढील कसोट्यांस यंत्रशाळा लागत नाही. लहान औषधनिर्मात्यासही त्या करता येतात.

(१) हिरडा शक्यतो अखंड घ्यावा. तयार भरड वा चूर्ण घेऊ नये. अखंड फळ स्वतःची साक्ष देते, चूर्ण देत नाही.

(२) प्रत्येक खेपेतील शंभर फळे मोजून वजन करावे व नोंद ठेवावी. दोन-तीन वर्षांत आपल्या खरेदीचा आलेख हाती येतो.

(३) त्याच शंभर फळांना पाण्यात सोडावे. किडलेली, पोकळ व हलकी फळे तरंगतात. तरंगणाऱ्यांची संख्या हीच त्या खेपेची टक्केवारी.

(४) दहा फळे फोडावी. बाळहिरड्यात वेगळी आठळी दिसता कामा नये. छेद भरीव व काळसर असावा. सुरवारी हिरड्यात गर आठळीपासून सुटा होतो व पिवळट-तपकिरी असतो. आत बुरशी, जाळी वा भुसा दिसल्यास माल परत करावा.

(५) चव घ्यावी. प्रथम तुरटपणा जाणवतो. वर पाणी प्यायल्यावर गोडवा येतो. जुनाट मालात दोन्ही मंद असतात.

(६) एक किलो हिरडा फोडून गर म्हणजे दळ किती निघते ते मोजावे. ही कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून उदाहरण देतो. समजा अखंड हिरडा साठ रुपये किलो मिळाला व त्यातून ६०० ग्रॅम दळ निघाले. तर दळाचा भाव शंभर रुपये किलो झाला. फोडणावळ, वाळवण व दळणावळ वेगळी. अशा वेळी कोणी शुद्ध हरीतकीचूर्ण सत्तर रुपयांनी देऊ करीत असेल, तर त्यात आठळी दळली आहे हे सांगण्यास प्रयोगशाळा नको, अंकगणित पुरे. आठळीचे चूर्ण जिभेवर कचकचते व रंगाने फिके असते.

(७) मोठ्या खेपेसाठी औषधकोशातील प्रमाणे तपासून घ्यावीत : बाह्य द्रव्य १ टक्क्याहून अधिक नसावे, एकूण राख ५ टक्क्यांहून अधिक नसावी, मद्यविद्राव्य अंश ४० टक्क्यांहून व जलविद्राव्य अंश ६० टक्क्यांहून कमी नसावा. आठळी मिसळली असता विद्राव्य अंश घसरतो, हे लक्षात ठेवावे.

साठवणीविषयी चरकाचे वचन आजही मार्गदर्शक आहे. पूर्वेस वा उत्तरेस दार असलेले, वाऱ्याच्या झोतापासून दूर, अग्नी, पाणी, वाफ, धूर, धूळ व उंदीर यांपासून सुरक्षित घर त्यांनी सांगितले व द्रव्ये शिंक्यावर ठेवण्यास सांगितली. २००० साली अनुसूची ‘टी’ अन्वये आयुर्वेदिक औषधनिर्मितीस उत्तम निर्माणपद्धतीचे नियम लागू झाले. कच्च्या मालाचे स्वतंत्र कोठार, नोंदवही व चाचणी हे त्यातील दंडक मुळात याच विचाराचे आहेत. पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे. त्यावर गाव, महिना व प्रकार ही तीन नोंदी असाव्यात. चूर्ण गरजेपुरतेच करावे. शार्ङ्गधरांनी चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे म्हटले आहे.

७. चिकित्सेतील स्मरण

हरीतकी लवणविरहित पंचरसात्मक, कषायप्रधान. लघु, रूक्ष, उष्णवीर्य व मधुरविपाकी. त्रिदोषहर, अनुलोमन व रसायन. पथ्यकर द्रव्यांत चरकाने तिला अग्रस्थान दिले. चावून खाल्ल्यास ती अग्नी वाढविते, वाटून घेतल्यास मलशोधन करते, उकडून घेतल्यास ग्राही होते व भाजून घेतल्यास त्रिदोषांचे शमन करते. यावरून “हिरडा घ्या” एवढेच सांगणे अपुरे आहे. कल्पना सांगितली नाही तर रुग्णास उलट परिणाम दिसू शकतो.

ऋतुहरीतकीचा क्रम सर्वपरिचित आहे : वर्षा ऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध व ग्रीष्मात गूळ. चूर्णाची सामान्य मात्रा ३ ते ६ ग्रॅम. कृश, रूक्ष, दुर्बल, उपवासाने क्षीण, पित्ताधिक, रक्तमोक्षण झालेला व गर्भिणी यांना ती वर्ज्य होय. याच यादीत प्रवासाने थकलेलाही आहे. तेव्हा नाणेघाट चढून आल्यावर झाडाखालचा हिरडा चघळण्याचा मोह सहलीतील वैद्यांनीच आवरावा.

८. अभ्याससहलीची आखणी

दोन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशी पुणे-नारायणगाव-जुन्नर मार्गे घाटघर व नाणेघाट पाहावा. जाताना कुकडी नदीच्या उगमाकडील कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर लागते. पूर्वेकडील उघड्या माळापासून घाटघरच्या हिरव्या कड्यापर्यंत वनस्पती कशा बदलतात याची नोंद करावी. दुसऱ्या दिवशी मंचर-घोडेगाव मार्गे डिंभे धरणाच्या काठाने आहुपे किंवा भीमाशंकरकडे जावे. आहुप्याची देवराई, तिच्यातील जुने वृक्ष व कड्यावरून दिसणारे कोकण हे दृश्य कोणत्याही प्रसिद्ध गिरिस्थानाच्या तोडीचे आहे.

काही पथ्ये पाळावीत. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे; शेकरू या राज्यप्राण्याचे ते निवासस्थान. तेथे नमुन्यासाठी पानही तोडू नये. ओळख डोळ्यांनी व छायाचित्राने करावी. देवराईत गावाच्या चालीरीती पाळाव्यात. हिरडा हा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील वृक्ष आहे. मालकीच्या जमिनीतही तो विनापरवाना तोडता येत नाही. या भागातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क तेथील वनवासी कुटुंबांस व ग्रामसभांस दिला आहे. म्हणून खरेदीचे बोलणे करावयाचे असल्यास ते गावात बसून, ग्रामसभेच्या माहितीने व रीतसर पावतीने करावे.

गावकऱ्यांना पुढील चार प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून आणावीत : यंदा बाळहिरडा कोणत्या आठवड्यात उतरविला? वाळवण किती दिवस चालले व मध्ये पाऊस झाला का? किती झाडांवरचे फळ पिकू दिले? जून हिरड्यास किती भाव मिळाला तर आणखी झाडे राखाल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर हाच आपल्या पुढील वर्षाच्या खरेदीचा आरंभबिंदू समजावा.

९. उपसंहार

एकट्या वैद्याची गरज थोडी. त्यासाठी कोणी गाव स्वतंत्र माल राखणार नाही. परंतु एका तालुक्यातील दहा-पंधरा वैद्य व दोन-चार औषधशाळा एकत्र येऊन वर्षाला काही क्विंटल सुरवारी हिरड्याची आगाऊ मागणी नोंदवू शकतात. भाव दळाच्या प्रमाणावर ठरवावा. अधिक गर, अधिक भाव. मागणी वळवाच्या आधी, म्हणजे बाळहिरडा उतरविण्यापूर्वी, गावात पोहोचली पाहिजे. कारण कोणते झाड राखावयाचे हा निर्णय त्याच वेळी होतो. असे केल्याने त्रिफळ्यास योग्य फळ मिळेल, वेचणाऱ्या कुटुंबास हिवाळ्यातही उत्पन्न होईल, आणि राखलेल्या झाडाखाली चार आठळ्या रुजण्याची शक्यता निर्माण होईल.

जिल्हा शाखांनी आगामी शिशिरात एक अभ्याससहल अवश्य आखावी, व येताना प्रत्येकाने दळाचे प्रमाण, तरंगणाऱ्या फळांची टक्केवारी व झाडाखालील रोपांची संख्या या तीन नोंदी आणाव्यात. त्या एकत्र केल्यास जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याची प्रत व स्थिती यांविषयी वैद्यांनी स्वतः गोळा केलेली माहिती तयार होईल. पथ्यांत श्रेष्ठ ठरलेल्या द्रव्यासाठी एवढे पथ्य आपणही पाळावे, ही विनंती.